थोरलीचं चार वाजताचं औषध

आम्ही निघालो होतो समुद्राला आणि पोहोचलो कळे गावाच्या पुढं चार किलोमीटर. कसबा बावड्यातल्या आमच्या घरापासून हे अंतर एवढंच, की माझा नवरा कुणी बरी मिसळ सांगितली तर सकाळी जाऊन आंघोळीच्या आत परत येईल. पण त्या तीन दिवसांत मी जेवढी हसले तेवढी काश्मीरलाही हसले नव्हते. काश्मीरला तर मी लोकरी मोजे मोजत बसले होते.

गाडीत मुलगा, सून, आम्ही दोघं आणि पावणेदोन वर्षांच्या दोन जुळ्या नाती. थोरली सात मिनिटांनी मोठी. सामान म्हणाल तर दोन बादल्या, दोन उशा, दोन ढकलगाड्या आणि एक कापडी हत्ती. हत्ती दोन घ्यायला हवे होते हे मी आधीच सांगितलं होतं. यांनी स्वतःच्या मांडीवर कांदा-लसूण चटणीच्या दोन बरण्या घेतल्या होत्या. कोकणात खायला काय मिळतंय, नुसता नारळ, असं यांचं म्हणणं.

बालिंग्याचा पूल ओलांडला आणि धाकटी ओकली. थोरलीने ते नीट बघितलं, तिला आवडलं असावं, मग तीही ओकली. कळे येईपर्यंत दोघींचे चार-चार कपडे बदलून झाले, हत्ती पिशवीत बंद झाला आणि चटणीच्या एका बरणीचं झाकण कुणाच्या तरी लाथेने उडालं. मुलाने गाडी बाजूला घेतली. समोर उसाच्या शेताकडेला पाटी होती : राहण्याची सोय, घरगुती जेवण, चालू गुऱ्हाळ बघायला मिळेल.

"पुढं घाट हाय," मुलगा म्हणाला.

बास. एवढ्यावर सगळ्यांचं एकमत झालं. आमच्या घरात एवढ्या लवकर एकमत पूर्वी कधी झाल्याचं मला आठवत नाही.

आता खरी गोष्ट सांगते. ही नुसती सहल नव्हती, माझी परीक्षा होती. सून शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत साच्यांची ड्रॉइंग करते. मुलींसाठी घेतलेली लांबलचक रजा संपत आली होती आणि एक तारखेपासून तिला कामावर जायचं होतं. मुली माझ्याकडं ठेवायच्या की पाळणाघरात, हे ठरत नव्हतं. तिने एका पाळणाघरात नाव घालून ठेवलंय हे मला मुलाकडून कळलं, आणि मुलाला ते मला सांगायचं नव्हतं हेही मुलाच्या तोंडावरून कळलं. तेव्हापासून मी घरात फार शहाण्यासारखी वागत होते. मुलींसमोर चहा बशीत ओतत नव्हते. टीव्ही बंद. कंबर दुखली तरी 'आई गं' मनात म्हणत होते.

सुनेला मी दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर मला स्वतःला दारातही उभं केलं नसतं. खरं म्हणजे मी तिच्या जागी होतेच, आणि सासूला उभं केलं नव्हतं.

त्या बाईची, म्हणजे तरुणपणच्या माझी, तुम्हाला ओळख करून दिली पाहिजे. हायस्कुलात शास्त्र शिकवायची. मूल झालं तेव्हा तिने आखीव वहीत रकाने पाडले : दूध, झोप, शी. शीच्या रकान्यात शेरा लिहायची जागा होती आणि ती शेरे लिहायची. 'समाधानकारक.' पाणी घड्याळ लावून वीस मिनिटं उकळायची. सासूबाई म्हणायच्या, अगं, पाणी करपलं की. बाळाला घ्यायला कुणी हात पुढं केला की आधी त्या हातांना साबण. एकदा तर खुद्द मुख्याध्यापक बघायला आले, त्यांनाही मोरीची वाट दाखवली होती बाईंनी.

आणि एक दिवस ही बाई शाळेतून घरी आली तर तिचा अकरा महिन्यांचा मुलगा आजीच्या मांडीवर बसून तांबड्या रश्शात बुडवलेला भाकरीचा तुकडा चोखतोय. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि तोंड आणखी हवंय म्हणून उघडलेलं. बाईंनी काय करावं? मुलाचं तोंड पंधरा मिनिटं धुतलं, वहीत लाल शाईने नोंद केली आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाला शेजारणीकडं ठेवायला सुरुवात केली. सासूबाई रोज दुपारी शेजारणीच्या कट्ट्यावर जाऊन बसायच्या फक्त. तिथून मूल दिसायचं.

ही गोष्ट मी सुनेला कधी सांगितली नव्हती. तिला मी सांगत आलेले ती वेगळी : नोकरी करून, एकहाती, हसतखेळत कसं वाढवलं याला.

असो. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी जाहीर केलं की तुम्ही दोघं हिंडून या, पाचपर्यंत पोरी माझ्याकडं. सून म्हणाली, नको. मुलगा म्हणाला, जाऊया की. सून म्हणाली, थोरलीला खोकल्याचं औषध आहे चारला. मी म्हणाले, मला घड्याळ कळतं. मग तिने एक कागद लिहून दाराला लावला. काय खायचं, कधी झोपायचं, औषध किती, फक्त थोरलीला. रकाने होते. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. ही पोर माझ्या पोटची नाही, पण वही माझीच.

जाताना तिने थोरलीच्या पायातला काळा दोरा चाचपून बघितला. दोघींत फरक तेवढाच. मी हसले. "मला दोरा लागत न्हाई. डोळे मिटून ओळखते मी," म्हणाले. हे वाक्य मला पुढं फार महाग पडलं.

यांनी मदतीला थांबायचं कबूल केलं होतं. गाडी वळणाआड गेली आणि हे गुऱ्हाळाकडं. साखर कारखान्यात आयुष्य काढलेला माणूस, त्याला दुसऱ्याच्या कढईतल्या रसाबद्दल मत दिल्याशिवाय राहवत नाही. मग आम्ही तिघी राहून काय करणार? एक कडेवर, एक बोटाला, आम्हीही गेलो. कढईच्या बाजूला जायचं नाही एवढं मी ठरवलं होतं आणि ते पाळलं. लांब, चिपाडांच्या ढिगाजवळ बसलो. रस काढून उरलेली उसाची चिपाडं तिथं वाळत घालतात. मऊ, गरम, उन्हाचा वास असलेली. पोरींना एवढा मोठा बिछाना जन्मात मिळाला नव्हता.

गुऱ्हाळवाल्याची आई माझ्याच वयाची, आवाज दुप्पट. ती ताटलीत गार केलेली काकवी घेऊन आली.

"खावा की पावणं. पोरींस्नी बोट लावू द्या."

बोट. धाकटीने दोन्ही पंजे घातले. थोरलीने ते पंजे आपल्या डोक्याला पुसले. मी ताटली उचलायला गेले तर ती माझ्या पदरावर आली, आणि त्या दोघी, चिकट, आनंदाने किंचाळत, सरळ चिपाडांत लोळल्या. उठल्या तेव्हा मला नाती दिसेनात. सुगरणीची दोन घरटी चालत आली.

मी हसायला लागले आणि मला थांबताच येईना. त्या म्हातारीलाही येईना. एकमेकींच्या खांद्याला धरून आम्ही हसत होतो आणि घरटी आमच्याभोवती गोल फिरत होती. त्या आखीव वहीत याला कुठला शेरा लिहिला असता, असा विचार आला आणि आणखी हसू फुटलं.

"तुम्ही तुमचं लुगडं धुवा. पोरींस्नी मी आंघुळ घालतो की," ती म्हणाली. घराकडं चुलीवर पाणी होतंच. नाही म्हणायला तोंड कुठं होतं मला?

पदर धुऊन मी आले तर दोन लखलखीत पोरी ओसरीवरच्या बाजेवर बसलेल्या. तेल चोपडलेल्या, दोघींना तिच्या नातवाचे जुने सदरे, दोघींच्या डाव्या गालाला काजळाची तीट. एकीलाही दोरा नाही.

"त्यो चिकाट झालाता, कापून टाकला," म्हातारी म्हणाली. "ह्यो घ्या नवा. बांधा तुमच्या हातानं." आणि काळ्या दोऱ्याचा तुकडा माझ्या हातात दिला.

चार वाजायला दहा मिनिटं होती.

मी दोघींकडं बघितलं. डोळे उघडे ठेवून बघितलं, मिटून बघितलं. थोरलीच्या नावाने हाक मारली, दोघींनी ओ दिली. धाकटीच्या नावाने मारली, दोघी आल्या. मग मला शास्त्रशुद्ध युक्ती सुचली : खोकला थोरलीला आहे, तर जी खोकेल ती थोरली. बाजेसमोर स्टूल घेऊन बसले. पाच मिनिटं कुणी खोकेना. शेवटी डावीकडची खोकली. मी बाटलीचं झाकण उघडलं. एवढ्यात उजवीकडचीने तिच्याकडं बघितलं, तिला ते आवडलं, आणि तीही खोकली. मग डावी पुन्हा. मग उजवी आणखी जोरात. दोघी एकमेकींच्या तोंडात बघून खोकत होत्या आणि खिदळत होत्या.

हे गुऱ्हाळावरून आले, हातात गरम गूळ. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "निम्मं निम्मं पाज."

"औषध आहे ते, चहा न्हाई."

"मग बांध दोरा कुणाला तरी. कुणाला कळतंय?"

आणि इथं मला खरं सांगायला पाहिजे. मी वाकले होते. उजवीकडचीचा पाय हातात घेतला होता, दोरा घोट्याभोवती एक वेढा घालून झाला होता. औषध मोरीत ओतायचं, चार वाजता दिलं म्हणून कागदावर खूण करायची. शीच्या रकान्यात 'समाधानकारक' लिहिणाऱ्या बाईने हे डोळे झाकून केलं असतं. तिची वही कधी चुकत नव्हती ती अशीच. पण मग मला दिसलं, की ही जर धाकटी असेल तर ती आता जन्मभर थोरली. शाळेत थोरली, बोहल्यावर थोरली, म्हातारपणी बहिणीला दटावणारी थोरली, आणि कारण काय, तर आजीला पाळणाघराची भीती वाटली. दोरा सुटला. मी बाटलीचं झाकण लावून टाकलं आणि वाट बघत बसले.

पाचला गाडी आली. सुनेच्या गालावर सीटच्या शिवणीची लांब खूण होती. मुलाचे केस एका बाजूने उभे. मी उठले आणि सगळं एका दमात सांगितलं. काकवी, चिपाडं, आंघोळ, दोरा, चारचं औषध दिलेलं नाही, आणि मला ओळखता येत नाही. लागूनच ते रश्शाचं आणि शेजारणीचंही बाहेर पडलं. ते का, हे मला आजही कळलेलं नाही. मुलगा मला पहिल्यांदाच बघत असल्यासारखा बघत होता.

सून खाली बसली, दोघींना जवळ घेतलं. डावीकडचीकडं बघितलं, उजवीकडचीकडं बघितलं. मग परत डावीकडं. मग तिने एकीच्या तोंडात बोट घातलं, आतपर्यंत, आणि कळवळली. चावा बसला होता. दुसरीच्या तोंडात घातलं.

"हिला मागची दाढ अजून न्हाई आली," ती म्हणाली. "ही थोरली." आणि चमचा भरून औषध दिलं.

"म्हणजे तुलाबी..." मी म्हणाले.

"दोरा मी माझ्यासाठीच बांधलावता, आई. मला तरी कुठं कळतंय?"

मग ती जमिनीवरच बसून हसायला लागली. कुठं कुठं हिंडून आलात म्हणून यांनी विचारलं तर दोघं एकमेकांकडं बघेनात. ते कुठंच गेले नव्हते. पहिल्या वळणाआड आंब्याखाली गाडी लावली होती, सीट मागं पाडल्या होत्या आणि सव्वातीन तास झोपले होते. हा गडी घोरत होता, ती म्हणाली, तरी मला जाग आली न्हाई.

मला राहवेना. "मग एक तारखेचं काय?" मी विचारलं.

"तुमच्याकडंच राहू देत की," ती म्हणाली, जसं काही हे कधीच ठरलेलं होतं. "पाळणाघराला मी उद्या फोन करून नको म्हणून सांगते."

मी जिंकले होते. दोन्ही नातींना मांडीवर घेऊन ऐटीत बसावं म्हणून मी वाकले, आणि कंबरेत जी कळ आली ती आली. त्याच क्षणी थोरली ओसरीच्या एका टोकाला पळाली आणि धाकटी दुसऱ्या. कोणीकडं जावं हे ठरवेपर्यंत एक तुळशीच्या कुंडीत होती आणि दुसरी कुत्र्याच्या ताटलीत. हे रोज. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा. आठवड्यातले सहा दिवस.

"ऐक," मी सुनेला म्हणाले, "फोन करूच नको लगेच. सकाळचे तीन तास घेतात का ते, विचार की."

ती वहीवाली बाई आत कुठंतरी लाजेने मेली असेल, मेली तर मेली.

"साडेतीन घेतात," सून म्हणाली. "मी विचारून ठेवलंय."