फाटक्या कोपऱ्याची कार्डं

"ह्यो शिक्का कुणी मारलाय? भायेर काढा त्येला! त्येचं त्वांड बघायचंय मला!"

खिडकीवर एक म्हातारा ओरडत होता, आणि त्याच्या आवाजानं, खोटं सांगत नाही, आमच्या टपाल कचेरीतले पंखे उलटे फिरायला लागले. तिकिटं घ्यायला आलेली रांग भिंतीला चिकटली. पोस्टमास्तर रजिस्टरात असे शिरले की नुसतं टक्कल वर राहिलं. शिक्का मी मारला होता.

तेव्हा मी कोल्हापुरात सॉर्टर होतो. म्हणजे आलेल्या टपालावर त्या दिवसाचा शिक्का मारून ते गावोगावच्या खणांत टाकायचं, खणातलं काढून बंडल बांधायचं, बंडलं थैलीत घालून एसटीवर चढवायची. माझ्यासमोर लाकडी मांडणी होती आणि तिच्यात साऱ्या जिल्ह्याची गावं कबुतरांसारखी बसलेली. डोळ्यांवर पट्टी बांधून मी कोडोलीचं पाकीट कोडोलीच्याच खणात फेकून दाखवायचो. पट्टी खालून थोडी उघडी असायची, पण ते बघणाऱ्यानं सांभाळून घ्यायचं.

गगनबावड्याचा खण सगळ्यात खाली, गुडघ्यापाशी. तिकडचा पाऊस म्हणजे बेडकांनासुद्धा सर्दी. एसटी कधी पोचायची, कधी अर्ध्या वाटेतून परत यायची आणि थैलीत पत्रांचा लगदा झालेला असायचा. लोक तक्रारी करायचे. मग मी माझा स्वतःचा कायदा काढला. तिकडचं साधं टपाल खणात साठू द्यायचं, वीतभर जाडी झाली आणि आभाळ उघडलं की एकदम बांधायचं. रोजच्या थैलीत फक्त तातडीचं. आता तातडीचं कुठलं हे वाचत बसायला वेळ कुणाला? ते मी बोटानं ओळखायचो. आपल्याकडं मयताची बातमी कळवताना कार्डाचा कोपरा फाडतात. हाताला कोपरा लागला नाही की ते कार्ड सगळ्यांच्या आधी.

ओल्या पत्रांच्या तक्रारी थांबल्या. पोस्टमास्तरांनी पाठ थोपटली. आणि मी मंडईपर्यंत सांगत सुटलो की माझा खण बघायला दिल्लीहून माणसं निघालीत.

पाऊस ओसरला, गाड्या रोज पोचायला लागल्या. माझा कायदा मात्र तसाच राहिला. रोज खाली वाकायला लागत नव्हतं, दुसरं काही कारण नाही.

पोस्टमास्तरांनी रजिस्टरातून मान न काढताच माझ्याकडं बोट केलं. मी खिडकीशी गेलो. म्हाताऱ्यानं दोन कार्डं फळीवर आपटली. एक अख्खं, एक कोपरा फाडलेलं.

"हे बघा पावणं, जरा दमानं..."

"पावणं म्हनू नगंस मला! वाच. मोठ्यांदी वाच, ह्या समद्यास्नी ऐकू दे."

दोन्ही कार्डं गगनबावड्याच्या पत्त्यावर, कबनूरहून त्याच्या जावयानं लिहिलेली. जावई तिथं यंत्रमागावर कामाला. अख्ख्या कार्डावर होतं, तुमच्या लेकीचा ताप उतरत नाही, सारखी तुमचं नाव घेते, कार्ड मिळताच निघून या. फाटक्यावर दोनच ओळी होत्या. त्या मी मोठ्यांदा वाचल्या नाहीत, आणि त्यानंही आग्रह केला नाही.

"आता तुझा शिक्का वाच."

अख्ख्यावर सोमवारची तारीख. फाटक्यावर गुरुवारची. दोन्ही शिक्के गोल, स्वच्छ. शिक्का उमटवण्यात माझा हात धरणारा सबंध कचेरीत कोणी नव्हता.

"आनि आमच्या घरी आदी कुठलं आलं?"

मी फाटक्या कार्डावर बोट ठेवलं.

"ह्ये फाटकं आलं, शुक्रवारी! आमी कबनूर गाठलं तवर माती झालती. परत आलो. आनि काल मंगळवारी पोस्टमन ह्ये दुसरं घिऊन दारात. आमाला वाचाय येत न्हाय, त्येनंच वाचलं, शिक्क्यासकट. ताप हाय, नाव घेतीया, या. तर तिची आई उठली की रं! उठली आनि भाकरी बांधाय लागली. चला म्हनली, हाय अजून पोरगी."

रांगेतल्या एका बाईनं तोंडाला पदर लावला.

जन्मभर थापा मारत आलोय मी. त्या खिडकीवर सुचणार नाहीत असं वाटलं होतं, पण हरामखोर जीभ, तिला लगेच सुचली. म्हणालो, "मामा, सोमवारी तुमच्याकडचा रस्ता बंद होता."

"तुजी थैली येती त्याच गाडीवर मी रोज दुदाचा कॅन चढिवतो," तो ओरडला. "सोमवारी चढिवला, मंगळवारी चढिवला, बुधवारी चढिवला! कॅनसंगं मीबी बसलो असतो की!"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं. खालचा खण, वीतभर जाडी, बोटानं ओळखणं. सोमवारचं कार्ड मीच खाली टाकलं होतं. गुरुवारी त्याच खणाच्या वरून हात नेऊन त्याच गावचं दुसरं कार्ड थैलीत घातलं होतं, आणि खाली वाकलो नव्हतो. हे सांगतानासुद्धा माझ्यातला शहाणा गप्प बसेना. शेवटी म्हणालो, "पण मामा, फाटकं कार्ड मी एक दिवस ठेवलं नाही. थैलीला लाख लावून झाली होती. ती फोडली, कार्ड आत घातलं आणि स्टँडपर्यंत पळत जाऊन चालत्या गाडीत थैली दिली."

यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

म्हाताऱ्यानं दोन्ही कार्डं उचलली, एकावर एक ठेवली, खिशात घातली. त्याचा आवाज खाली आला होता.

"त्ये फाटकं ठेवलं असतंस तरी चाललं असतं."