हिलालने खाल्लेलं शेत

हिलालला सुरतेत सगळे शेतकरी म्हणत आणि गावात सगळे सुरतवाला. दोन्हीकडे आपलं काम बघूनच लोकांनी नाव ठेवलंय, असं तो स्वतःच हसत सांगायचा.

कापड विणायच्या लूमखात्यातून सुटला, की डिंडोलीच्या खोलीत तो शेतीवर भाषण देई. शिंदखेड्याकडे पाऊस आता महिना-महिना उशिरा येतो, तेव्हा कापसाचा हट्ट सोडून साठ दिवसांत निघणारी जुनी बाजरी पेरायची, ही म्हणे त्याची अक्कल. खरं तर अक्कल बायकोची, उषाबाईची. त्याचं फक्त तोंड.

सुरतेतल्या प्लेगच्या पुढल्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो गावी गेला. सणाला उषाबाई माहेरी गेलेली. परत निघताना त्याला कोनाड्यात तोंड लिंपलेलं मडकं दिसलं. आत राखेत घोळलेली बाजरी. बायको दाणे किती जपते, या कौतुकाने त्याने ती पिशवीत भरली आणि मडकं पुन्हा लिंपून ठेवलं. सुरतेला खोलीतल्या चौघांनी पंधरा दिवस गावच्या भाकरी खाल्ल्या. अस्सल बाजरी कशी ओळखावी, हे हिलाल दर घासाला समजावत होता.

श्रावण लागता लागता गावचा भिकन निरोप घेऊन आला. "काल पानी पडना. वहिनीनी मडकं उघाडं, ते रिकामं. बियानं कोठे गयं, इचारस."

बियाणं कुठे गेलं ते हिलालला पोटातून कळलं. ते बी बाजारात मिळत नव्हतं, वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, चार दिवसांत जाणार होता, आणि वर्षाची भाकरी तो मिटक्या मारत खाऊन बसला होता. कामाची पाळी टाकून त्याने गावची गाडी पकडली.

शेतात पेरणीची पाभर चालू होती. उषाबाई चाड्यावर मूठ धरून बाजरीच पेरत होती.

"तुमना आनि पानीना भरवसा नही," ती न थांबता म्हणाली. "म्हनीसन निम्मं बी मायेरले ठेयेल व्हतं."

राग यायला हवा होता, पण हिलालला हसू आलं, मग रडू. दोन्ही गिळून त्याने बैलांचा कासरा हातात घेतला.

दिवाळीनंतर भिकनने बाजरीची पिशवी आणली. तिच्यावर हिलालच्या लेकीने, चैतालीने, कोळशाने लिहिलं होतं, 'ही खावानी शे', म्हणजे ही खायची आहे. चौघेही लोळून हसले, सगळ्यात जास्त हिलाल.

मग त्याने शेजारच्या चुलीतली राख मागून आणली आणि पिशवीतली दोन मुठी बाजरी त्या राखेत घोळून डब्यात वेगळी ठेवली.