गच्चीचा उतार

शिकवणीच्या सरांनी बाबुलला फसवलं. सरांनी मला फसवलं. आणि बाबुलला मीही फसवलं.

लातुरात सरांच्या वसतिगृहाचं काम चालू होतं. गच्चीची अर्धी फरशी माझ्याकडे, अर्धी बाबुलकडे. एका सकाळी सर वर आले. माझ्या बाजूला तांब्याभर पाणी ओतलं. मधेच डबकं साचलं. बाबुलच्या बाजूला ओतलं. पाणी सरळ निचऱ्याच्या जाळीकडे गेलं.

सरांनी उरलेलं पाणी बाबुलच्या पायांवर ओतलं. मला म्हणाले, "घे, तीर्थ घे याच्या पायाचं. मग येईल हात."

सगळे मजूर हसले. बाबुल हसला नाही.

मी शिरूर अनंतपाळचा. बारा वर्षं घमेली वाहून मिस्त्री झालो. माझा दर मीच सांगायचो, एक रुपया सोडायचो नाही. आणि हा देशाच्या सीमेपलीकडून आलेला, मराठी तोडकं बोलणारा. तरी बाया त्याचं नाव घेऊन काम द्यायच्या. त्याच्या भाड्यावर घरमालकीण मावशीची औषधं यायची. कोपऱ्यावरचा किराणावाला खास त्याच्यासाठी मोहरीचं तेल मागवायचा. माझ्याच गावचे दोघं त्याच्याकडे फरशी कापायला शिकले, पोटाला लागले. माझ्याकडे कोणी आलं नाही. मी जळत होतो.

एकदा जेवताना तोच म्हणाला, "भैया, मेरे पास एक भी कागज नहीं है."

भाऊ समजून सांगितलं त्यानं. मी तसाच उठून सरांकडे गेलो.

"सर, त्याच्याकडं कागद न्हाईत. उद्या तुमच्याच डोक्याला ताप हुईल."

वाटलं, हाकलतील. सरांनी हाकललं नाही. पोलिसांचा धाक घातला, निम्म्या मजुरीवर ठेवला. माझी बाजू उखडून तीही त्याच्याकडूनच बसवून घेतली. मग मला बोलावलं.

"तो निम्म्यात करतो. न्हाणीघरांचं काम आहे. तू किती सोडतोस?"

घरी चार तोंडं होती. मी "मीबी निम्म्यात करतो" म्हणालो. माझा भाव मीच पाडून आलो होतो.

वास्तुशांतीला मिस्त्रीला टॉवेल-टोपीचा आहेर करतात. सरांनी मला गच्चीवरच्या पंगतीत पाटावर बसवलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "ही गच्ची यांच्या हातची." बाबुलला फाटकाबाहेर थांबायला सांगितलं होतं. पाहुण्यांत मोठी माणसं होती ना!

टोपी डोक्याला लागली आणि पायावरचं ते पाणी आठवलं. मी टोपी काढून तबकात ठेवली. पंगतीतला तांब्या उचलून गच्चीवर ओतला. पाणी जाळीकडे गेलं.

"ह्यो उतार माझा न्हाई. ज्याचा हाय त्यो खाली उभा हाय."

"खाली बस. तमाशा करू नकोस," सर दातओठ खात म्हणाले.

मी बसलो नाही.

बाबुलनं मला माफ केलेलं नाही. करूही नये. मी अजून जळतो, त्याच्यासारखा उतार मला अजून जमत नाही. पण आता कुठंही दर सांगताना दोघांचा एकच सांगतो. त्याला कमी, तर मीही येत नाही.

माझा गुन्हा मी कबूल केला. आता सर, तुम्ही बोला. त्याच पाहुण्यांना बोलवा, त्याच गच्चीवर. सांगा, ही कोणी बसवली? आणि त्याची निम्मी मजुरी कोणी खाल्ली?