उत्तर नाही

ऑफिसात तिला समोर सगळे 'ताई' म्हणत आणि पाठ वळली की 'तोफ'. हे तिला ठाऊक होतं, आणि त्याचं तिला वाईट वगैरे मुळीच वाटत नसे. आरोग्य खात्याच्या आकड्यांत बावीस वर्षं काढलेल्या बाईने गोड बोलावं तरी कुणाशी?

चाळीस दवाखान्यांच्या नोंदी ऑफिसातल्याच एका खोलीत चाळीस मशीनवर होत्या आणि त्या सगळ्यांवर एक मुकादम. हे नाव तिनेच ठेवलेलं. खरं तर ते ओपन सोर्स इंजिन होतं, देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही उघडून वाचावं, सुधारावं असं. एसक्यूएल या संगणकाच्या प्रश्नभाषेत एक प्रश्न टाकला की ते चाळीसही मशीन एकदम कामाला लावी, प्रत्येकीकडून आपापला तुकडा गोळा करी आणि एक उत्तर हातात ठेवी. सुट्टीच्या दिवशी घरी बसून तिने त्यात सात दुरुस्त्या केल्या होत्या. नवरा म्हणे, "अगं, तिकडे तुला विचारतंय कोण?"

"मुकादम विचारतो," ती म्हणे.

मुकादमाचा एक गुण तिला फार आवडे. एक मशीन जरी गप्प बसली तरी तो अडून बसे. अर्धवट यादी द्यायची नाही, लाल अक्षरांत सरळ सांगायचं: उत्तर पूर्ण नाही. साहेबांना नेमकं तेच खुपे. मोठ्या पडद्यावर, पाहुण्यांसमोर लाल अक्षरं म्हणजे त्यांच्या इभ्रतीचा प्रश्न. त्यांनी कंत्राटदाराला बोलावून मुकादमाच्या ऑफिसातल्या प्रतीत तीन ओळी घालून घेतल्या: मशीन गप्प असेल तर तिच्याकडे शून्य नोंदी आहेत असं समजावं.

ताईने लेखी हरकत घेतली आणि वर तोंडीही सुनावलं. "साहेब, 'उत्तर नाही' वेगळं आणि 'नाही' हे उत्तर वेगळं."

साहेब हसले. "तुम्ही शब्दांचा फार कीस पाडता, ताई." आणि आठवड्याभरात तिचं टेबल छपाईच्या खोलीत गेलं.

मग पेसमेकरची ती भानगड उघडकीला आली. एका खेपेतल्या बॅटऱ्या अचानक बंद पडत होत्या. ही खेप कुणाकुणाच्या छातीत बसवली, असं शुक्रवारी मुकादमाला विचारलं गेलं. अकराशे चाळीस नावं आली, सगळ्यांना फोन गेले, आणि साहेबांनी पत्रकारांना सांगून टाकलं की एकही रुग्ण सुटलेला नाही.

पुढच्या गुरुवारी सकाळी आत्याचा फोन आला. "अगं, त्या बॅटऱ्यांचं ऐकलं. मला काही तुमचा फोन आला नाही. म्हणजे माझी चांगली आहे ना?"

"कार्ड काढ. नंबर वाच."

आत्याने आधी चष्मा शोधला, मग कार्ड, मग एकेक आकडा वाचला. तीच खेप. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. शेजारणीला सोबत घे. गॅसवर काही असेल तर बंद कर."

"अगं, पण केस तरी विंचरू दे!"

"आत्या!"

ती तडक मशीनच्या खोलीत गेली. आत्याच्या दवाखान्याच्या मशीनचा दिवा विझलेला होता. तिची पिन काढून तिथे थंड पाण्याचा कूलर लावला होता. पाणी मात्र छान गार होतं.

साहेबांच्या केबिनमध्ये ती दार न वाजवता शिरली. सगळं ऐकून साहेब खांदे उडवत म्हणाले, "फुकटचं सॉफ्टवेअर, ताई. आणखी काय होणार?"

"फुकटचं?" आवाज बाहेरच्या कॉरिडॉरपर्यंत गेला. "त्या लोकांनी ते नीट लिहिलं होतं. खोटं बोलायला त्याला तुम्ही शिकवलंत! आणि ते उघडं आहे ना, म्हणून दिसतंय सगळं. या तीन ओळी, ही तारीख आणि ही मंजुरीची सही. कुणाची आहे, वाचा. मोठ्याने वाचा!"

मशीनच्या खोलीत परत जाऊन तिने तीन ओळी उपटून टाकल्या, कूलरची पिन काढून मशीनची लावली आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. दोनशे सतरा नावं जास्त आली. साहेबांनी घाईघाईने छापील तक्ता वाटला. प्रत्येक नावापुढे 'संपर्क झाला' आणि दोन चौकटी, होय किंवा नाही.

पहिल्या नंबरवरचे आजोबा खडखडीत होते, फोनवरच वाद घालू लागले. ताईने त्यांना दटावून दवाखान्यात धाडलं. दुसरा फोन एका मुलीने घेतला.

"बाबांना द्याल का? आरोग्य खात्यातून बोलतेय."

"बाबा मंगळवारी गेले," मुलगी म्हणाली. "आम्ही रोज वाट बघत होतो. फोन आला नाही, म्हणून बाबाच म्हणाले, आपलं नाव नाही यादीत. खूश होते."

ताई बोलली. काय बोलली ते तिलाही नंतर आठवेना. फोन ठेवल्यावर साहेब मागे उभे होते. हळूच म्हणाले, "तिथे 'नाही'वर खूण करा. संपर्क झाला नाही."

तिने दोन्ही चौकटी कोऱ्या ठेवल्या. शेजारच्या समासात लिहिलं, 'विचारलंच नाही.' कागद फाटेल इतका जोर देऊन खाली साहेबांचं पूर्ण नाव घातलं, आणि तिसरा नंबर फिरवला.