उपाशी तोंड

गिरजाबाई माणसाच्या तोंडाचा वास घ्यायच्या. नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात बायकांच्या वॉर्डात त्या आया होत्या. विजेच्या शॉकच्या दिवशी सकाळी प्रत्येकीची हनुवटी धरायच्या, "आ कर वं माय" म्हणायच्या आणि थेट नाक लावायच्या. शॉकआधी पोट रिकामं लागतं. कागदावर 'उपाशी' लिहिलेलं असे, पण कागदावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "कागदाले उलटी नाही होत, माणसाले होते," असं म्हणायच्या.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी नागपुरातच, सदर भागात एका कचेरीत कारकून होतो. आई गेल्यावर ज्या थोरल्या बहिणीनं, सुमनताईनं मला वाढवलं, तिचं माहेर-सासर दोन्ही नागपूरजवळच्या खाप्याचं. मुलगी झाली आणि दीड महिन्यात ताईचं बोलणं आटलं, मग जेवण. घास पुढे केला की एकच सांगायची, "मी मेली गा. मेलेल्याले काहून चारता?" शॉकच्या नावाची मला धास्ती होती, आणि लोक काय म्हणतील हेही होतंच. त्यात महिना घालवला. शेवटी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, शॉक दिले नाहीत तर ही आठवडाभरही काढणार नाही.

भाऊजी तान्ह्या पोरीला घेऊन खाप्यात थांबले. मी ताईच्या खाटेशी. पहिला शॉक झाला, फरक दिसेना. दुसऱ्या शॉकच्या सकाळी बाबा आले, रामटेकहून पेढ्याचा प्रसाद घेऊन. त्यांनी तांदळाएवढा कण ताईच्या ओठाला लावला आणि तिनं तोंड उघडलं! किती दिवसांनी! बाबांना रडू फुटलं. त्यांनी अख्खा पेढा चारला आणि तिनं तो गिळला. उपाशी ठेवायचं मला ठाऊक होतं, पण माझा हात पुढे झाला नाही. सांगितलं असतं तर आजचा शॉक बुडाला असता, पुढचा चार दिवसांनी. मी बाबांना म्हटलं, "बोलू नका."

गिरजाबाई ताईपाशी वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"काय चारलं गा?"

"काही नाही."

"वेलदोड्याचा वास येऊन राहिला. आज हिले मी नेत नाही."

बाबांनी हात जोडले. मी ओरडलोच, "बाई, ती मरेल! तुम्ही काय डॉक्टर आहात? दोन बुकं तरी शिकलात?" आणखीही बोललो, ते इथे लिहवत नाही.

"मले शिव्या दे," त्या म्हणाल्या, "पण खोटं नको बोलू." त्यांनी डॉक्टरांना सांगितलं आणि त्या दिवशीचा शॉक रद्द झाला.

त्या पेढ्यानंतर ताईनं पुन्हा दात आवळले ते आवळलेच. नाकातून नळी घातली, ती तिनं उपसून काढली. ओठ फाटले, डोळे खोल गेले. बाबा भिंतीकडे तोंड करून बसत. मी गिरजाबाईंचं तळपट होवो म्हणत होतो, आणि त्या आपली पाळी संपल्यावरही ताईचे ओठ ओल्या फडक्यानं टिपत बसत. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "एवढ्याशा पेढ्यानं काय झालं असतं?"

"अशीच एक पोरगी होती," त्या फडकं पिळत म्हणाल्या. "तिच्या मायनं केळं चारलं. मी विचारलं तं नाही म्हणे. मी तिचं आयकलं अन् नेली. टेबलावर उलटी झाली, श्वासात गेली. माह्या हातातच गेली ते. तिची माय मले अजून दिसते."

चौथ्या दिवशी शॉक झाला. ताई शुद्धीवर येताना बावरून इकडेतिकडे पाहू लागली. स्वतःचं नावही तिला आठवेना. गिरजाबाई तिचा हात धरून सांगत बसल्या, "तू सुमन. खाप्याची. तुले पोरगी आहे. अन् तू जित्ती आहेस वं." दर शॉकनंतर हेच, तितक्याच सावकाश. पाचव्या शॉकनंतर ताई पुटपुटली, "मले भूक लागली." बाबा धोतराच्या सोग्यानंच डोळे पुसू लागले. गिरजाबाई धावत पेज आणायला गेल्या.

ताईच्या आठवणीतून ते महिने पुसले गेले, मुलीचं पहिलं हसणंही. पुढे दहा-बारा वर्षांनी ताईला घेऊन सदरच्या बाजारात गेलो, तिथे गिरजाबाई भेटल्या. निवृत्त झालेल्या, डोळ्यांनी अधू. ताईनं त्यांना ओळखलं नाही. मी सांगायला लागलो तर त्यांनी माझा हात दाबला. ताईला एवढंच विचारलं, "जेवली का वं माय?"

"हो, आत्ताच. भाकर अन् कांदा."

गिरजाबाई तिच्या तोंडाशी वाकल्या. श्वास भरून घेतला, आणि भर बाजारात त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"कोण गा हे बाई?" घरी येताना ताई म्हणाली. "माह्या तोंडाचा वास काहून घेतला?"

गिरजाबाई पुढच्याच उन्हाळ्यात गेल्या. शॉकचं ताईला मी नंतर सगळं सांगितलं, गिरजाबाईंचंही. त्या पेढ्याचं मात्र अजून सांगितलेलं नाही.