उंदरांचं शिकरण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

माझा स्वभाव आधीपासूनच संशयी. आजही माझ्या दवाखान्यातली मुलगी फोनवर हळू बोलली, की वाटतं माझ्याबद्दलच चाललंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. धुळ्याच्या एका कॉलेजात मी दंतवैद्यकाचं पुढचं शिक्षण घेत होते. विषय पायरियाचा — तो जबर प्रकार, ज्यात हिरडीखालचं हाड झिजून दात हलायला लागतात. आता माणसाला मुद्दाम आजारी कसं पाडणार? म्हणून तो आजार आधी पांढऱ्या उंदरांत घडवून आणायचा. भूल देऊन दाढेभोवती रेशमी दोरा बांधायचा. दोऱ्याशी घाण साचते, हिरडी सुजते, हाड झिजतं. अर्ध्या उंदरांना दोरा, अर्ध्यांना नाही. बाकी खाणं, पाणी, पिंजरा — सगळं सारखं. त्या सारखेपणावरच माझी पदवी उभी होती.

आणि प्रयोग जमला. इतका जमला, की मलाच शंका यायला लागली. दोरावाल्यांचं हाड बघता बघता खचलं. पण त्यांच्या भांड्यातले खाद्याचे दाणे तसेच पडून, आणि वजन मात्र घटत नाही — हे कसं? कुणीतरी माझ्या पिंजऱ्यांत हात घालतंय, अशी माझी खात्रीच झाली. बरोबरचा एखादा मुलगा? की माझ्या मार्गदर्शक सरांनीच माझ्यावर नजर ठेवायला कुणी नेमलंय? एक दिवस जेवायच्या सुट्टीत घरी गेल्यासारखं दाखवलं आणि मागच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले.

आत नाना होते. एरंडोलकडचे, उंदरांची खोली सांभाळायचे. वाटीत केळं कुस्करलेलं, त्यात दूध-साखर — चक्क शिकरण — आणि बोटाने एकेकाला चाटवत होते. मी तरातरा आत शिरले, तर ते दचकलेसुद्धा नाहीत.

"ताई, यासले दाना चावता येस नही. तोंड दुखस ना त्यासनं. ज्यासले दोरा बांधेल शे, त्यासलेच देस. बाकीनासले काय गरज शे?"

आलं ना लक्षात? गोड, मऊ, दाताला चिकटून बसणारं — आणि तेही फक्त दोरावाल्यांना. रोग दोऱ्याने केला होता की शिकरणाने, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून करायचं, तर वर्ष गेलं असतं. पण काय करायला हवं होतं, हे मला तेव्हाही नीट कळत होतं. तसं मी केलं नाही, एवढंच.

मी म्हटलं, "नाना, हे कुणाला कळलं तर तुमची नोकरी जाईल. यापुढे असलं काही द्यायचं नाही. आणि कुणी विचारलं तर — कधी दिलंच नव्हतं." त्यांनी निमूटपणे वाटी धुतली. माझा प्रबंध मान्य झाला, सरांनी पाठ थोपटली आणि मला तिथेच शिकवायची नोकरी लागली.

पुढच्या वर्षी वर्षा आली, फैजपूरची. माझ्याच पद्धतीने उंदरांत रोग घडवायचा आणि त्यावर एक औषध तपासायचं, हे तिचं काम. पण रोगच होईना. हिरडी जराशी सुजायची, हाड जागच्या जागी. काही उंदीर तर खाणं सोडून मेले. नाना नुसते बघत राहायचे — मी मनाई केली होती ना. वर्षाने पुन्हा नव्याने सुरुवात केली. पुन्हा तेच. शेवटी ती माझ्याकडे आली.

"ताई, तुम्ही त्यांना खायला वेगळं काही देत होता का?"

नेमकं तेच. मला काय वाटलं सांगू? नाना फुटले. नाहीतर हिला सरांनी पाठवलं. पोरीचे डोळे रडून सुजले होते, आणि मला त्यात डाव दिसत होता. "नाही," मी म्हटलं, "दाणेच." माझ्याआधी ती नानांना विचारून आली होती, हे मागाहून कळलं. तेही खोटं बोलले होते. मीच तसं शिकवून ठेवलं होतं.

मग सरांनी दोघींना समोर बसवलं. पद्धतीत काही सांगायचं राहिलंय का, असं मला विचारलं. ते सहज विचारत होते की खडा टाकून बघत होते — आजही मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, "पद्धत बरोबर आहे, सर. वर्षाचा हात जड आहे."

दाताच्या डॉक्टरला याहून वाईट काय बोलता येतं? तिने दोन्ही हात ओढणीखाली घेतले. महिन्याभरात ती सगळं सोडून घरी गेली. पुढे तिकडेच शाळेत विज्ञान शिकवते, असं कानावर आलं. रुग्णाच्या तोंडात तिने पुन्हा हात घातला नाही.

ती दोरे बांधत होती, तेव्हा मी शेजारीच उभी होते. एकाही उंदराच्या हिरडीला रक्ताचा ठिपका आला नव्हता. इतका हलका हात माझाही नव्हता.