बुडीत कुणाला धरायचं

एमआयडीसीत खानावळ चालवली की भाकरीपेक्षा उधारीचेच किस्से जास्त साठतात. एक सांगायला घ्यावा, तर दुसरा आधीच पुढे येऊन उभा. मी चौथीपर्यंत शिकलेली. जसं घडलं तसं सांगते.

*

अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यांतले कामगार माझ्याकडे जेवतात, पगार झाला की पैसे देतात. मला भाकरीचं मशीन घ्यायचं होतं, म्हणून बँकेत कर्ज मागितलं. माझा हिशोब लिहून देणारे सर म्हणाले, येणं आहे म्हणजे सगळं येतं असं नसतं. त्यातलं किती बुडेल, ते अंदाजानं आधीच वजा करून दाखवायचं.

"माणूस अजून हितं जेवतोय, आन् त्याला आत्ताच बुडव्या म्हणू?"

"बँक तेच विचारते, अक्का."

*

बसले अंदाज बांधायला. माझा नियम सोपा. आमटीला नावं ठेवणारा पैसे देतो, कारण त्याला उद्या परत यायचं असतं. कौतुक करणारा पळतो.

मोडनिंबचा शिवा रोज म्हणायचा, आईच्या हातची चव हाय. त्याला पहिला बुडीत धरला. पगाराच्या दिवशी दारात पहिला तोच! आणि आमटीला नावं ठेवणारा सुपरवायझर नोकरी सोडून पुण्याला गेलेला.

*

सरांचा नियम वेगळा. उधारी जितकी जुनी, तितकी बुडीत. टेम्पोवाला रफिक हैदराबादला गेला तो आलाच नाही, फोनही बंद. नियमाप्रमाणे धरला बुडीत, वर सगळ्यांदेखत चार शिव्या घातल्या.

पुढे त्याची बायको आली. रफिक पाय मोडून दवाखान्यात पडला होता. तिनं पैसे मोजून दिले, पाणीसुद्धा घेतलं नाही. "शिव्या दिल्या म्हणं तुमी," एवढंच बोलली.

*

मग कुणाकुणाला बुडीत धरलंय ती बातमी फुटली. एक जण ताटावर बसून म्हणतो, मला बुडीत धरलंय तर आज दोन अंडी जास्त वाढा, तसंबी बुडालंच हाय की. मी त्याचं ताट उचललं. मुकाट पैसे देऊन गेला.

*

राहिला नरसय्या. सगळा जन्म मागावर टॉवेल विणण्यात गेला, आणि कारखाना बंद पडल्यापासून हातात काही नाही. त्याच्या बाबतीत माझा आणि सरांचा अंदाज एकच. सगळं येणं बुडीत धरलं, कागद बँकेत गेला.

नरसय्या यायचा बंद झाला. समोरच्या त्याच बंद कारखान्याच्या कट्ट्यावर उपाशी बसून राहायचा. ताट पाठवलं, परत आलं. शेवटी मीच गेले. म्हटलं, तुमचं सोडून दिलंय, जेवा गुमान.

"अक्का, पैसे न्हाईत माझ्याकडं. पण देणार न्हाई, असं मी कधी म्हटलं?"

सरांना सांगितलं, कागद बदला. ते म्हणाले, बँक हे येणं मानणार नाही, कर्ज अडकेल. म्हटलं, अडकू दे.

दुसऱ्या दिवशी ताट घेऊन परत गेले. "नरसय्या, हे फुकट न्हाय. उधारीवर हाय. कधी देणार ते सांगा."

त्यानं मागं वळून कारखान्याच्या कुलपाकडं बघितलं.

"माग चालू झाला की," म्हणाला, आणि ताट ओढून घेतलं.